डांबर सरकारचं, माती लक्ष्मीची

आमच्या घरात माझ्या श्वासावर आईचा पहारा असे. म्हशीची धार, आप्पांचा डबा, चुलीवरचा भात, या सगळ्या गडबडीत तिचा एक कान कायम माझ्या छातीकडे लागलेला. मला लहानपणी दमा होता. सुगीला भाताची मळणी सुरू झाली, अंगणात कोंडा उडायला लागला, की माझ्या छातीत पिपाणी वाजायची आणि आई हातातलं काम तसंच टाकून अडुळशाचा काढा उकळायला बसायची. तो काढा पिताना मी जी तोंडं करायची ती बघायला शेजारची पोरं येऊन उभी राहत. मला दही वर्ज्य, केळं वर्ज्य, चिंच आणि बोरं तर नजरेसमोरही नकोत. माझ्या वाटणीची बोरं धाकटा भाऊ खायचा, वर बिया माझ्याच अंगावर उडवायचा. आणि पळायचं तर नावच काढायचं नाही. "पोरीला पळू देऊ नगासा, दम लागतोय तिला," हे वाक्य आईनं अख्ख्या गल्लीत, शाळेत, देवळात आणि एकदा तर एसटीच्या कंडक्टरलाही सांगून ठेवलं होतं.

एवढं करून ज्या पोरीला बसवून ठेवायचं होतं, तिच्या अंगात मात्र बसणं नव्हतं. मी जेवताना दोनदा उठायची, अभ्यास करताना खांबाभोवती फिरायची, पाटावर बसले की गुडघा हलत राहायचा. आई मांडीवर चापट मारून म्हणायची, "पाय हलवू नगं, घरातनं लक्ष्मी जाती." लक्ष्मी आमच्याकडे तशीही फारशी थांबत नव्हती. येळ्ळूरच्या पलीकडे आमचं गाव, थोडी भातशेती, आणि आप्पा बेळगावात फौंड्रीत कामाला. ते सायकलवरून भल्या सकाळी जात आणि संध्याकाळी काळ्या तोंडानं परत येत. अंगण ओलांडायच्या आत विचारत, "काय म्हणतीया आमची पिपाणी?" आईला हा विनोद अजिबात आवडत नसे. मला आवडायचा. त्या घरात माझ्या दम्याला न घाबरणारं तेवढं एकच माणूस होतं.

हायस्कूलला गेल्यावर पाटील सर भेटले. ते पीटीचे मास्तर. मला शाळेला रोज उशीर व्हायचा, त्यामुळे मी रोज फाटकापर्यंत पळत यायची, आणि सर रोज फाटकात उभे असायचे. एक दिवस शिक्षा करायच्या ऐवजी त्यांनी विचारलं, "कुठनं पळत आलीस?" मी म्हटलं, "घरातनं." सरांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "आणि दम कुठाय?" दम होता, पण आई सांगायची तेवढा नव्हता. सरांनी आप्पांना गाठलं, आप्पांनी मला शहरातल्या डॉक्टरकडे नेलं, आणि डॉक्टरांनी छाती तपासून सांगितलं की पळू दे, हळूहळू वाढवत पळू दे, छाती उघडेल. आईचा यावर काडीचा विश्वास बसला नाही. "डाक्टराला काय जातंय? त्येला एक पेशंट गेला तर दुसरा हाय. मला पोरगी एकच हाय," ती म्हणाली.

बारावी झाली तेव्हा सरांनी पीटीच्या कोर्सचं सांगितलं. शहरात कॉलेज, जागा थोड्या, निवड मैदानावरच्या चाचणीवर, आणि त्यात लांबचं पळणं सगळ्यात महत्त्वाचं. चाचणी पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी. मला वर्षभर घरी राहून तयारी करायची होती. मला ते कॉलेज इतकं हवं होतं की सांगायला शब्द नाहीत. जिला आयुष्यभर पळू नको म्हणून बसवलं, तिनं पांढरे बूट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून दुसऱ्यांच्या पोरांना पळवायचं, हे चित्र मी डोळे उघडे ठेवूनही बघू शकायची. आप्पा म्हणाले, "जाऊ दे की." आई म्हणाली, "मैदानात पडली तर उचलाय तुम्ही जाणार हाय?" शेवटी ठरलं ते असं, की मी पळायचं, पण छाती एकदा जरी वाजली तर सगळं बंद. त्या एका अटीवर माझं सगळं वर्ष टांगलेलं होतं.

पहिल्या महिन्याचं कौतुक सांगत नाही. पहिल्या महिन्यात कोणीही पळतं. माझी नात गेल्या वर्षी जिमला जायला लागली तेव्हा तिनं बूट, बाटली, टॉवेल, मनगटावरचं ते पावलं मोजणारं घड्याळ, सगळं एका दिवसात आणलं. आता ते घड्याळ माझ्या हातात आहे, कारण जिम सुटली आणि घड्याळ वाया जाऊ नये असं तिला वाटलं. मी तिला हसत नाही. दुसऱ्या महिन्यात काय होतं ते मला ठाऊक आहे. उत्साह विझतो, पाय जड होतात, अंथरूण गोड लागतं, आणि कालच्यापेक्षा आज काही वेगळं घडलेलं नसतं. मी स्वतःशीच खोटं बोलायची. "आज नुसतं विहिरीपर्यंत जाऊ आणि परत येऊ." विहीर आली की म्हणायची, "आता आलोच आहे तर चिंचेपर्यंत." अशी स्वतःला फसवत फसवत मी गावामागच्या गडाच्या पायथ्यापर्यंत जायची. त्यात गावाचा वेगळाच त्रास. गावात पळत निघालेलं माणूस म्हणजे कुठंतरी आग लागली किंवा कुणीतरी गेलं. पहिले काही दिवस बायका पदराला हात पुसत बाहेर येत, "कोण गेलं गं? कोण गेलं?" एका म्हातारीनं तर मला बघूनच रडायला सुरुवात केली. तिची बहीण आजारी होती. मी थांबून सांगितलं, "आज्जी, कोण न्हाय गेलं, मी नुसतीच पळालोय." त्यावर ती डोळे पुसत म्हणाली, "नुसतीच? मग तुलाच काय तरी झालंय."

हळूहळू छाती उघडली. कोंड्याचे दिवस आले आणि गेले, पिपाणी वाजली नाही. आई माझ्या जवळून जाताना उगीच थांबायची, ऐकायची, आणि पुढे जायची. आणि नेमकं तेव्हा आमच्या गावची लक्ष्मीची जत्रा जाहीर झाली.

ही जत्रा दरवर्षी होत नाही. कितीतरी वर्षांनी एकदा गाव ठरवतं, आणि मग त्याच्या आधी वार पाळतात. मंगळवार आणि शुक्रवार. वाराच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू नाही, मातीत कुदळ नाही, जातं नाही, गिरण नाही, कांडप नाही, चुलीवर तवा नाही. आदल्या दिवशीची भाकरी, आंबील, भिजवलेली कडधान्यं यावर दिवस काढायचा. गाव त्या दिवशी इतकं गप्प असायचं की कुणाच्या तरी घरातली भांड्याची आदळआपट सुद्धा चोरी पकडल्यागत वाटायची. बाकीच्यांना तो आराम होता. माणसं कट्ट्यावर पत्ते कुटत, बायका डोकी विंचरत बसत. मला मात्र वेड लागायची पाळी आली. पहिल्या वाराला आईनं मला दारातच अडवलं. मी दिवसभर घरात येरझाऱ्या घातल्या, माजघरातनं परसात, परसातनं अंगणात. खरी मेख दुसऱ्या दिवशी कळली. एक दिवस खाडा झाला की दुसऱ्या दिवशी अंग सबबी सांगायला लागतं. बुधवारी उठायला जीवावर आलं, गुरुवारी कशीबशी गेले, शुक्रवारी परत वार. असंच चाललं तर चाचणीच्या दिवशी मी कट्ट्यावर पत्ते खेळत असेन असं मला वाटायला लागलं.

म्हणून मी थेट पंचांकडे गेले. अशा कामाला पोरीनं जाण्याची रीत नव्हती, पण मला रीतीची वाट बघायला वेळ नव्हता. देवळाच्या कट्ट्यावर परशराम तात्या आणि आणखी दोघं-तिघं बसले होते. तात्या पंचांत वयानं मोठे, वार पाळायचे नियम त्यांच्याच तोंडातून यायचे. मी विचारलं, "तात्या, वाराला पळालं तर चालतंय काय?"

"कशापायी पळायचं?"

"परीक्षा हाय. पळायची."

तात्यांनी पान थुंकून तोंड मोकळं केलं. हा प्रश्न आजवर त्यांच्यापुढे आला नव्हता हे उघड होतं. एकजण म्हणाला, काम म्हणजे काम, वाराला बंदच. दुसरा म्हणाला, "पळणं काम कसं हुईल? त्यातनं काय पिकतंय?" पहिला म्हणाला, "मग तुझं कट्ट्यावर बसणं पिकतंय व्हय?" बराच वेळ दोघांचं जुंपलं. तात्या ऐकत होते. मग त्यांनी हात वर केला. "वार कुणाचा? मातीचा. लक्ष्मी जत्रंला यायच्या आधी भुईला इसावा द्यायचा, म्हणून वार. मातीला लोखंड लावायचं न्हाय, बैलाचा खूर लावायचा न्हाय, आणि माणसाचा घाम बी तिच्यावर पाडायचा न्हाय. शेताच्या वाटंनं पळायचं न्हाय पोरी."

माझा चेहरा पडला असावा. तात्यांनी जरा विचार करून पुढे जोडलं, "पण डांबर सरकारचं हाय. डांबर काय लक्ष्मीचं न्हवं. तितं पळ जा. गळ्यात पंचा बांध, घाम खाली पडता कामा नये."

माझ्या आयुष्यात मला मिळालेला तो पहिला न्याय. मी उड्या मारत घरी आले. आईचा जळफळाट झाला, पण पंचांचा शब्द मोडायची तिची हिंमत नव्हती. संध्याकाळी आप्पांना सगळं सांगितलं तेव्हा ते ओसरीवर बसून पोट धरून हसले. "आता सरकारला लिवून कळवाय पायजे, तुमच्या डांबराला आमच्या गावात एक तरी उपयोग हाय म्हणून!" पुढच्या वारापासून मी गळ्यात आप्पांचा पंचा गुंडाळून गावच्या फाट्यापासून सडकेवर पळायला लागले. मागं सायकलीवर दोन-तीन पोरं. ती माझा घाम खाली पडतो का ते बघायला यायची आणि पडला की ओरडायची, "पडला! पडला!" मी पंच्यानं तोंड पुसत त्यांना शिव्या घालायची. छाती इतकी मोकळी होती की पळता पळता शिव्या घालता यायच्या.

डांबराची एक गंमत आहे. तिथं पाय भराभर उचलतो. शेताच्या वाटेवर खड्डा बघा, दगड बघा, गाय आली की बाजूला व्हा. सडकेवर काही नाही, आपण आणि आपला जोर. मला त्याची चटक लागली. मग मी वाराचीच काय, रोजचीच पळापळ सडकेवर नेली. पायात कॅनव्हासचे स्वस्तातले बूट, तळ पापडासारखा. थोड्याच दिवसांत नडगीच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं. पहिल्यांदा पळून झाल्यावर, मग पळताना, मग जिना उतरताना. मी कुणाला सांगितलं नाही. आई माझी छाती ऐकत होती, पाय कुणी बघितलेच नाहीत. एरंडेल गरम करून मी परसात बसून चोळायची. पाटील सरांच्या मात्र माझ्या चालण्यावरून ते लक्षात आलं. "दोन आठवडे पळू नकोस," ते म्हणाले. "बसून राहा." मला कुणीही काहीही सांगावं, पण बसून राहा सांगू नये. मी हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सडकेवर होते.

आज माझ्या ओळखीचे डॉक्टर, ट्रेनर, टीव्हीवरचे योगगुरू, सगळे विश्रांतीचा दिवस, विश्रांतीचा दिवस करत असतात. मला आता पटतं, पण ऐकायला आजही आवडत नाही. ज्याला दोन दिवस थांबायची भीती वाटते, त्याला विश्रांती सांगणं म्हणजे तहानलेल्याला उपास सांगणं. माझी भीती पायाची नव्हतीच. थांबले तर परत सुरू करणार नाही, परत काढा पिणारी पोर होईन, ही भीती होती.

जत्रा आली. लक्ष्मी गदगेवर बसली, म्हणजे गावच्या मधोमध बांधलेल्या ओट्यावर तिची स्थापना झाली, आणि घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. खानापूरच्या आत्या, निपाणीचा मामा, सांबऱ्याचे चुलते, त्यांची पोरं, पोरांचे मित्र. अंगणात मोठ्या हंड्यांत मटण शिजत होतं, रस्सा, वडे, भात, आणि उठता-बसता कुणीतरी ताट पुढे करायचं. "खा गं, पळून पळून काडी झालीया." मी खायची आणि पाहुण्यांच्या मधून वाट काढत बाहेर पडायची. भंडारा उधळलेल्या पिवळ्या गल्लीतनं लंगडत सडकेकडे जाणारी मी एकटीच. मामानं विचारलं, "हिला काय झालंय?" आप्पा म्हणाले, "तिला काय न्हाय झालं. तिला बसाय येत न्हाय." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "जरा बैस की गं." त्यांचा आवाज विनोदाचा नव्हता. मी तरी गेले.

चाचणीच्या दिवशी आप्पांना सुट्टी मिळाली नाही, म्हणून आई आली. शहरातलं मैदान, चुन्यानं मारलेल्या रेघा, काकतीच्या, खानापूरच्या, निपाणीच्या मुली, कुणाकुणाच्या पायात खरेखुरे स्पोर्ट्स शूज. आईनं बाटलीत काढा आणला होता आणि ती बाटली पोटाशी धरून ती दोरीच्या पलीकडे उभी होती. ओठ हलत होते. ती देवीला काय मागत असेल हे मला पक्कं माहीत होतं. शिट्टी झाली. मी पहिल्या घोळक्यात होते. पहिल्या फेऱ्या सुंदर गेल्या. श्वास आत येत होता, बाहेर जात होता, आणि मला आठवतं, मध्येच मला हसू आलं, इतकं ते सोपं होतं. पुढे फक्त दोघी होत्या. आणि शेवटून दुसऱ्या वळणावर नडगीत कुणीतरी पेटतं लाकूड खुपसावं तशी कळ आली. मी तरी पळाले. पाय टेकला की डोळ्यांपुढे पांढरं व्हायचं. एकेक मुलगी पुढे जायला लागली. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. त्यात त्यांचा दोष नाही, पळताना कुणी कुणाकडे बघत नाही. समोर शेवटचं वळण दिसत होतं आणि माझा पाय दुमडला. मी चुन्याच्या रेघेवर बसले.

आई दोरीखालून वाकून मैदानात घुसली. परीक्षक ओरडत होते, तिनं ऐकलं नाही. माझ्याजवळ गुडघ्यावर बसून तिनं पाठीवर हात ठेवला. "दम लागला काय गं? दम लागला?"

"दम न्हाय आई," मी रडत म्हटलं. "पाय."

तिनं पाठीवर तसाच हात ठेवला, ऐकत राहिली. आणि तिचा चेहरा उजळला. खरंच उजळला, मी बघितलं. "छाती वाजंना झालीया," ती म्हणाली. "एवढं पळून बी वाजंना झालीया!" मग माझं तोंड बघून तिनं घाईघाईनं चेहरा सारखा केला, पण उशीर झाला होता. मला तिचा इतका राग आला, इतका, की परतीच्या एसटीत मी तिच्या शेजारी बसले नाही. माझं सगळं मातीत गेलं होतं आणि ही बाई आनंदली होती. आज मी स्वतः आई आहे, आजी आहे, तरी तो राग आठवला की अजून अंगात थोडा चढतो.

तो कोर्स मी कधीच केला नाही. पुढे सोसायटीत कारकुनी लागली, तीच निवृत्तीपर्यंत केली. पण ते नंतरचं. त्या वेळी मी घरी आले आणि आडवी झाले. पाय सुजला होता तोवर निमित्त होतं. सूज उतरली, दुखणं गेलं, तरी मी उठले नाही. मी जेवायची, पडायची, आढ्याकडे बघायची. येणारी-जाणारी माणसं म्हणायची, "बरं झालं, पोरगी जाग्यावर आली." आत्याबाई तर म्हणाली, "आता कशी मानसात आलीया." आईही सुरुवातीला खूश होती. मी घरात, डोळ्यांपुढे, छाती गप्प. तिला आयुष्यभर जे हवं होतं ते सगळं एकदम मिळालं होतं. मग हळूहळू ती माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं बघायला लागली. स्वयंपाकघरातनं काहीतरी निमित्त काढून यायची, "ह्ये जरा धर," म्हणायची, मी धरायची आणि परत पडायची. एकदा तिनं दही वाढलं. आमच्या घरात माझ्या पानात दही! मी खाल्लं. ती ताट घेऊन उभी राहिली, मग गेली. ती आप्पांशी काहीतरी कुजबुजली, आप्पा नुसतं म्हणाले, "तूच बोल."

एका पहाटे तिनं माझं पांघरूण ओढलं. बाहेर फटफटलं होतं.

"उठ."

"कशाला?"

"पळाय जा."

मला वाटलं मी झोपेत आहे. "कशाला पळू? परीक्षा गेली की. सीट गेली. आता कशाला पळायचं?"

आई पांघरूण हातात धरून तशीच उभी राहिली. तिला खरोखरच कोडं पडलं होतं, हे मला आजही तिच्या तोंडावर दिसतं.

"परीक्षेसाठी पळत हुतीस व्हय?" ती म्हणाली. "मला वाटलं, तुला आवडतंय."

मी उठले. अंगणात जाऊन तोंडावर पाणी मारलं, बूट शोधले, ते सापडले नाहीत, म्हणून अनवाणीच शेताच्या वाटेला लागले. अंग जड झालं होतं, पाय भुईला अनोळखी. मागं आई दारात उभी. "लई लांब जाऊ नगं," तिनं हाक दिली, आणि मी वळून बघितल्यावर दोन्ही हातांनी मला पुढं ढकलल्यासारखं करून म्हणाली, "जा, जा!"